इंग्रजी शब्दसंग्रह पुढच्या पायरीवर नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संध्याकाळी साडेसात ते नऊ मी नोकरदारांना आणि परीक्षार्थींना इंग्रजी शिकवतो. वर्गात येणाऱ्यांना इंग्रजी येत नाही असं अजिबात नाही. मेल लिहिता येतात, मीटिंगमध्ये चार वाक्यं बोलता येतात, बातम्या समजतात. गाडी अडते ती त्याच्या पुढे. तेच 'गुड', तेच 'व्हेरी', तोच 'प्रॉब्लेम' वापरून त्यांचा त्यांनाच कंटाळा आलेला असतो. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता जे प्रश्न येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

'ॲडव्हान्स्ड' शब्द म्हणजे अवघड शब्दच ना?

नाही, आणि इथूनच बहुतेकांची वाट चुकते. लांबलचक, कधी न ऐकलेले शब्द गोळा केले की शब्दसंग्रह वाढला असं वाटतं. जरा मराठीकडे बघा. मरण सांगायला आपल्याकडे किती शब्द आहेत: मेला, गेला, वारला, खपला, निवर्तला, दिवंगत झाला, देवाज्ञा झाली. यातला एकही अवघड नाही. पण 'आमचे आजोबा खपले' असं कुणी शेजाऱ्याला सांगत नाही आणि 'काल आमच्या गल्लीतलं कुत्रं निवर्तलं' असं कुणी म्हणालं तर ती थट्टा आहे हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. शब्दाचा अर्थ ठाऊक असणं वेगळं, तो कुठे शोभतो हे ठाऊक असणं वेगळं. मराठीत हे दुसरं ज्ञान आपल्याला फुकट मिळालेलं असतं. इंग्रजीत ते मिळवावं लागतं, आणि प्रगत शब्दसंग्रह म्हणजे मुख्यतः तेच.

माझ्या एका विद्यार्थ्यानं साहेबांच्या निरोप समारंभात मोठ्या कौतुकानं म्हटलं की साहेब वक्तशीरपणासाठी 'नोटोरियस' आहेत. त्यानं कोशात 'प्रसिद्ध' हा अर्थ पाहिला होता. 'वाईट गोष्टीसाठी प्रसिद्ध' हा उरलेला भाग वाचायचा राहून गेला. साहेब हसले, हे त्याचं नशीब.

मग एकूण किती शब्द यायला हवेत?

न्यूझीलंडमधले भाषातज्ज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेला हिशोब बहुतेक जण आधाराला घेतात. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं ओळखीची हवीत. बोललेलं समजायला ६,००० ते ७,००० पुरतात. शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसिजन', 'डिसायसिव्ह', 'अनडिसायडेड' ही सगळी भावंडं मिळून एक.

आकडा बघून घाबरू नका. नियमितपणे इंग्रजी वाचणाऱ्या पदवीधराकडे यातला बराच माल अर्धवट अवस्थेत पडलेला असतो. शब्द पाहिलेला असतो, वाक्यात समजतो, पण नेमका विचारला तर 'म्हणजे असं काहीतरी...' असं उत्तर येतं. आधी या अर्ध्या ओळखीच्या शब्दांची ओळख पक्की करावी. ते काम नव्या शब्दांपेक्षा सोपं आहे आणि त्याचा उपयोगही जास्त आहे.

ठरलेली यादी आहे का? यादीनं तयारी करू का?

पायाभरणीसाठी आहे. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक ढाक्यात शिक्षकांना शिकवत असत. बंगाली मुलांना वाचता येईल असं इंग्रजी कसं लिहायचं, या विचारात त्यांची बरीच वर्षं गेली. सुमारे २,००० अत्यावश्यक शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये निघाली. तिच्या पुढची पायरी, म्हणजे दुसरी यादी, २००० मध्ये भाषातज्ज्ञ ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी बांधली. तिच्यात ५७० शब्दकुटुंबं आहेत: 'ॲनालाइझ', 'सिग्निफिकंट', 'कन्सिस्टंट', 'इम्प्लाय' असे. विद्यापीठातल्या कुठल्याही विषयाच्या पुस्तकात हे शब्द भेटतात आणि अशा मजकुराचा साधारण दहावा हिस्सा ते व्यापतात. म्हणून ५७० हा फार फायद्याचा सौदा आहे. ही यादी वाचा आणि ज्या शब्दावर अडखळाल त्यावर खूण करा. पन्नास-साठ खुणा झाल्या तर तुम्ही योग्य जागी उभे आहात. तीनशे झाल्या तर 'प्रगत' हा शब्द सहा महिने बाजूला ठेवा.

त्याच्या पुढच्या दुर्मीळ शब्दांच्या याद्या मात्र मी कुणाला देत नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. आता उशीर झाला आहे का?

मीही त्यातलाच. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये ते पहिलीपासून आलं २००० मध्ये. बोलण्याच्या ओघात उशिरा सुरुवात केल्याचा थोडा तोटा होतो, हे खरं. शब्दसंग्रहाचं तसं नाही. तो पन्नाशीतही वाढतो. शिवाय मराठी माध्यमवाल्याकडे एक शिदोरी असते, जिचा त्याला पत्ता नसतो. ती पुढच्या प्रश्नात उघडतो.

लॅटिन-ग्रीक मूळ शिकण्याचा उपयोग होतो का? की तो नुसता विद्वत्तेचा खेळ?

उपयोग होतो. आपल्याला तर दुप्पट, कारण त्या मुळांची चुलत भावंडं आपल्या घरातच आहेत. कलकत्त्यात १७८६ मध्ये तिथले न्यायाधीश आणि संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी जाहीर भाषणात सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. त्यावर पुढे एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. आपल्याला त्यातलं कामापुरतं उचलायचं आहे.

बैलाच्या मानेवरचं जू घ्या. इंग्रजीतला 'योक' हा त्याचा सख्खा नातलग. संस्कृतातला 'युज्', म्हणजे जोडणं, आणि त्यातून आलेले योग, संयोग, युग्म. लॅटिनमध्ये तेच मूळ 'जुग' आणि 'जंक्ट' होऊन बसलं. आता 'जंक्शन', 'कन्जंक्शन', 'कॉन्जुगल' हे शब्द पाहा. व्याकरणातलं 'कन्जंक्शन' म्हणजे उभयान्वयी अव्यय, दोन वाक्यांना जोडणारं. 'कॉन्जुगल' म्हणजे दांपत्याचं, एका जुवाला जोडलेल्या दोघांचं. लग्न झालेल्यांना हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

'ज्ञा' हे मूळ तिकडे 'ग्नो' झालं. 'कॉग्निशन', 'रेकग्नाइझ', 'डायग्नोसिस', 'अॅग्नॉस्टिक' ही सगळी त्याचीच पोरं. 'अॅग्नॉस्टिक'मधला सुरुवातीचा 'अ' आपल्या 'अज्ञ'मधलाच आहे. 'जन्' वरून 'जेनेसिस', 'जनरेट', 'प्रोजेनी'. 'मृत्यू'च्या नात्यातले 'मॉर्टल' आणि 'मॉर्टगेज'. हा दुसरा शब्द मुळात 'मेलेला तारण-करार' आहे, घराचे हप्ते भरणाऱ्याला यात नवल वाटू नये. 'वाचा' आणि 'व्होकल', 'दान' आणि 'डोनेट', 'मध्य' आणि 'मीडियम', 'नव' आणि 'नॉव्हेल', 'दंत' आणि 'डेंटल'. वर्गात फळ्यावर या जोड्या लिहिल्या की मागच्या बाकावरचेही उठून बसतात.

पण सावध राहा. आवाज जुळला म्हणजे नातं असतंच असं नाही. 'देव' आणि 'डीइटी' एकाच घरातले, पण 'देव' आणि 'डेव्हिल' यांचा काही संबंध नाही. डेव्हिल ग्रीकमधून आला. 'बदनाम'मधला 'बद' फारसी आहे, इंग्रजीतल्या 'बॅड'शी त्याची गाठ निव्वळ योगायोगानं पडली. मूळ हे आठवणीला खुंटी म्हणून वापरायचं. अर्थ मात्र कोशातूनच पडताळायचा.

इंग्रजीत एकाच गोष्टीला दोन-तीन शब्द का असतात? त्यातला कुठला वापरू?

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीन शतकं दरबार, न्याय आणि मोठ्यांचं जेवण फ्रेंचमध्ये चाललं. गोठ्यातली गाय इंग्रजी 'काऊ' राहिली आणि ताटातलं मांस फ्रेंच 'बीफ' झालं. पुढे विद्वानांनी लॅटिनमधून गाडाभर शब्द आणले. त्यामुळे 'आस्क' घरगुती, 'क्वेश्चन' जरा अधिकाराचा आणि 'इंटरोगेट' थेट पोलीस चौकीतला.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. मराठीवरही असेच थर चढले आहेत. फारसी शब्द इतके झाले होते की शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तरीही आज आपण अर्ज करतो, दप्तर उचलतो आणि शिवाय विनंतीपत्रही लिहितो. पाणी, जल आणि उदक यांत फरक काय, हे कुणी शिकवलं का? पाणी पितात, जलसंपदा खातं असतं, उदक सोडतात. 'आई, जरा जल दे' म्हणून बघा घरी.

इंग्रजीत ढोबळ हिशोब असा: छोटा, एका-दोन अवयवांचा (म्हणजे सिलॅबलचा) शब्द बहुधा घरचा आणि जिवंत, तर लांब लॅटिन शब्द कागदोपत्री. 'हेल्प' पुरेसं असताना 'फॅसिलिटेट', 'बाय' पुरेसं असताना 'पर्चेस', 'यूज' पुरेसं असताना 'युटिलाइझ' लिहिलं की मेल सरकारी परिपत्रकासारखा वाटू लागतो. ज्याला दोन्ही येतात आणि जो बहुतेक वेळा साधाच निवडतो, त्याचं इंग्रजी मला प्रगत वाटतं.

समानार्थी शब्दांचा कोश वापरून लिखाण भारदस्त करता येईल?

करता येईल तसंच बिघडवताही येईल. समानार्थी म्हणून जे एका ओळीत दिलेले असतात ते समान नसतात. सडपातळ, बारीक, किडकिडीत, हडकुळा हे सगळे 'जाड नसलेला' याच अर्थाचे, पण लग्नाच्या जाहिरातीत यांतला एकच चालतो. इंग्रजीत 'स्लिम' म्हणजे सडपातळ, 'थिन' बारीक, 'स्किनी' किडकिडीत, 'स्क्रॉनी' हडकुळा. पैशाचंही तसंच: 'थ्रिफ्टी' म्हणजे काटकसरी, 'फ्रूगल' म्हणजे साधेपणानं, थोडक्यात भागवणारा, 'स्टिंजी' म्हणजे चिक्कू. तुमच्या सासूबाई काटकसरी असतात आणि शेजारीण चिक्कू. माणूस तसाच, शब्द बदलला की बाजू बदलते.

शब्दाला रंग असतो हे लक्षात ठेवायचा उत्तम उपाय म्हणजे अशा माळा मराठीसकट मांडणं. पाहण्याची एक माळ करू. 'ग्लान्स' म्हणजे ओझरती नजर टाकणं. 'स्टेअर' म्हणजे टक लावून बघणं. 'ग्लेअर' म्हणजे डोळे वटारणं. 'पीअर' म्हणजे नीट दिसत नसताना निरखून पाहणं. 'स्क्विंट' म्हणजे डोळे किलकिले करणं. 'गेझ' म्हणजे भान हरपून पाहत राहणं. मराठीत आपण दोन-दोन शब्द जोडून सांगतो, इंग्रजी एका क्रियापदात सांगते. माळ एकदा झाली की 'लुक' एकटा उरत नाही.

व्याकरण बरोबर असूनही माझं वाक्य 'इंग्रजी' का वाटत नाही?

शब्दांची सोबत चुकते म्हणून. मराठीत थंडी कडाक्याची, ऊन रणरणतं, पाऊस मुसळधार, काळोख मिट्ट. 'रणरणती थंडी' व्याकरणात बसते, पण म्हणत कुणी नाही. इंग्रजीत पाऊस 'हेवी', वारा 'स्ट्राँग', धुकं 'थिक', थंडी 'बिटर'.

आपल्या 'कडक' या एका शब्दानं किती जणांना पाडलंय! कडक चहा 'स्ट्राँग', कडक शिस्त 'स्ट्रिक्ट', कडक ऊन 'स्कॉर्चिंग', कडक लाडू 'हार्ड', कडक इस्त्रीचा शर्ट 'क्रिस्प'. इंग्रजी माणसाला पाच वेगळे शब्द लागतात, आपण एकात भागवतो आणि मग बोलताना त्या पाचही जागी 'हार्ड' घुसवतो. तसंच 'देणे'. आपण लक्ष देतो, इंग्रज ते 'पे' करतो. आपण परीक्षा देतो, तिकडे विद्यार्थी ती 'टेक' करतो किंवा तिला 'सिट' करतो आणि 'गिव्ह' करतो तो शिक्षक. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' लावायची खोडही मराठीतल्या 'च्याबद्दल'मधून येते.

म्हणून शब्द कधी एकटा उचलू नका. 'डिसिजन' नको, 'मेक अ डिसिजन' घ्या. 'ॲटेंशन' नको, 'पे ॲटेंशन टू' घ्या. जोडीची ओळख झाली की व्याकरणाच्या निम्म्या चुका आपोआप गळतात.

रोज दहा शब्द पाठ करतो आणि आठवड्यात सगळे विसरतो. स्मरणशक्तीच कमी आहे का?

स्मरणशक्ती ठीक आहे, उजळणीची वेळ चुकते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, आपण ते किती वेगानं विसरतो हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरणं सुरुवातीला झपाट्यानं होतं, मग मंदावतं. याचा अर्थ पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी, आणि नंतरच्या उजळण्यांमधलं अंतर वाढत गेलं तरी चालतं. रविवारी सत्तर शब्द एकदम घोकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सांगितलेली डब्यांची पद्धत अजूनही उत्तम आहे. कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. मिठाईचा रिकामा खोका आणि पुठ्ठ्याचे तुकडे एवढं पुरतं. फोनवर हवं असेल तर 'अंकी' नावाचं सॉफ्टवेअर हेच काम स्वतः हिशोब ठेवून करतं. कुणाची तरी तयार पाच हजार कार्डं मात्र उतरवून घेऊ नका. दुसऱ्याच्या कार्डावरचा शब्द आपल्याला कुठे भेटला हे आठवत नाही, म्हणून तो टिकतही नाही.

आणि दहा नको. पाच घ्या.

कार्डावर किंवा वहीत नेमकं काय लिहायचं?

उदाहरण म्हणून 'रिलक्टंट' घेऊ. नुसतं 'नाखूश' लिहिलंत तर 'मी तुझ्यावर रिलक्टंट आहे' अशी वाक्यं जन्माला येतात. त्याऐवजी मराठीत जवळचं काय वाटतं ते लिहा: कां-कू करणारा, मनातून तयार नसलेला. त्याखाली सोबत: 'रिलक्टंट टू ॲडमिट', 'रिलक्टंट टू लीव्ह'. मग ज्या वाक्यात हा शब्द भेटला ते वाक्य. आणि शेवटी घरातलं, खरं असलेलं स्वतःचं वाक्य: 'माय फादर-इन-लॉ इज रिलक्टंट टू सी अ डॉक्टर.' ज्यांचे सासरे असे आहेत ते हा शब्द जन्मात विसरत नाहीत.

उच्चारातला जोर कुठे येतो त्या अवयवाखाली रेघ मारा. बाकी रंगीत पेनं, चित्रं, चौकटी ऐच्छिक. काहींची वही इतकी सुंदर होते की तिच्यात पुन्हा डोकावायची गरजच त्यांना वाटत नाही.

कोश कोणता वापरू? इंग्रजी-मराठी की इंग्रजी-इंग्रजी?

दोन्ही, पण क्रमानं. आधी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश. ए. एस. हॉर्न्बी जपानमध्ये शिकवत असताना त्यांनी असा कोश तयार केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं तो काढला; आजचा विद्यार्थी वापरतो तो त्याचाच वंशज. लाँगमनच्या १९७८ च्या कोशानं सगळे अर्थ सुमारे २,००० सोप्या शब्दांत बसवले. कोबिल्ड कोश १९८७ मध्ये आला. त्यात अर्थ पूर्ण वाक्यात दिलेला असतो, म्हणजे शब्द कसा वापरतात हे अर्थ वाचतानाच कळतं. या घराण्यांचे कोश इंटरनेटवर फुकट पाहता येतात, उच्चारही ऐकता येतो.

अर्थ इंग्रजीत समजला की मग मराठी शब्द स्वतः शोधा. तो शोधताना होणारी ओढाताण हाच खरा अभ्यास आहे. भाषांतराचं ॲप ही ओढाताण तुमच्या वतीनं उरकून टाकतं, म्हणून घाईच्या वेळी ते ठीक आणि शिकण्याच्या वेळी नको.

फ्रेझल व्हर्ब, म्हणजे 'गेट अप'सारखी जोड-क्रियापदं, पाठच होत नाहीत. 'गेट', 'पुट', 'टेक' यांची किती रूपं लक्षात ठेवायची?

पाठ करू नका, आधी मराठी क्रियापदांकडे बघा. 'खा' आणि 'खाऊन टाक' यात फरक काय? 'टाक'चा मूळ अर्थ फेकणं, पण इथे काहीच फेकलेलं नाही. ते 'टाक' सांगतं की काम पुरतं संपव. इंग्रजीतला 'अप' बरेचदा हेच करतो: 'ईट अप', 'ड्रिंक अप', 'यूज अप'. 'करून बसला' म्हणताना कुणी बसलेलं नसतं, नको ते केलं एवढंच कळतं. परदेशी माणसाला आपलं 'करून बसला' जितकं चक्रावतं तितकंच आपल्याला 'पुट अप विथ', म्हणजे सहन करणं, चक्रावतं.

म्हणून 'गेट'ची पन्नास रूपं एका पानावर मांडण्यापेक्षा 'अप', 'ऑफ', 'आउट', 'ओव्हर' यांचा स्वभाव ओळखा. 'ऑफ'मध्ये तुटणं, दूर जाणं असतं: 'कट ऑफ', 'कॉल ऑफ', 'वेअर ऑफ'. नियम सगळीकडे लागू होत नाही, पण अंदाज बांधता येतो. आणि 'टॉलरेट' येतं म्हणून 'पुट अप विथ' टाळू नका. लोक बोलताना दुसरंच म्हणतात.

वाचताना शब्द समजतो, बोलताना तोंडात येत नाही.

सगळ्यांचंच असं असतं, मराठीतही. 'किंकर्तव्यमूढ' तुम्ही वाचून समजता, शेवटचा म्हणालात कधी? ओळखीचे शब्द नेहमीच वापरातल्या शब्दांपेक्षा कितीतरी जास्त असणार.

त्यातले निवडक शब्द वापरात आणायला एक काम करा. आठवड्याला तीनच शब्द ठरवा आणि ते ऑफिसच्या मेलमध्ये, मित्राच्या मेसेजमध्ये, आरशासमोर, कुठेही खरोखर वापरा. रोज रात्री दिवसभराची हकीकत दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना 'व्हेरी' किती वेळा आला ते मोजा. 'व्हेरी टायर्ड'च्या जागी 'एक्झॉस्टेड', 'व्हेरी अँग्री'च्या जागी 'फ्युरियस' बसवून तीच हकीकत पुन्हा सांगा. पहिले पंधरा दिवस स्वतःचा आवाज ऐकवत नाही. नंतर सवय होते.

उच्चार देवनागरीत लिहून ठेवले तर चालतील?

चालतील, पण ऐकून लिहा, स्पेलिंग बघून नाही. मी स्वतः कित्येक वर्षं 'एपिटोम' म्हणत होतो. भर सभेत एकानं हळूच 'एपिटमी' असं सुचवलं तेव्हा कान लाल झाले. 'हायपरबोल' नसून 'हायपर्बली', 'सबटल' नसून 'सटल', 'रिसीप्ट' नसून 'रिसीट'. 'डेट' म्हणजे कर्ज, यातला 'बी' तर मागाहून चिकटवलेला आहे: शब्द फ्रेंचमधून 'बी'शिवायच आला होता, विद्वानांनी त्याचं लॅटिन मूळ दिसावं म्हणून अक्षर घातलं. उच्चारायला सांगितलं नाही, एवढी दया केली.

देवनागरीत जोर दाखवता येत नाही, ही खरी अडचण. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या अवयवावर, 'फोटॉग्रफी'त दुसऱ्यावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आपण सगळे अवयव जवळपास सारख्या वजनानं म्हणतो, म्हणून ही सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

काय वाचू? सगळे इंग्रजी अग्रलेख वाचायला सांगतात.

सांगणाऱ्यांपैकी किती जण स्वतः रोज वाचतात, ते विचारा. अग्रलेख वाईट नसतात, पण पन्नास शब्दांत पाच अनोळखी असतील तर ते वाचन राहत नाही, उत्खनन होतं. पन्नासात एखादाच अनोळखी असेल असा मजकूर निवडा. तेव्हाच संदर्भावरून अर्थाचा अंदाज लागतो.

आणि आधी एकाच विषयात बुडा. एका विषयाचे लेख पुन्हा पुन्हा तेच शब्द समोर आणतात, उजळणी आपोआप होते. क्रिकेट वाचणाऱ्याला 'रिझिलिअन्स', 'कोलॅप्स', 'रिलेंटलेस', 'ग्रिट', 'अनएरिंग' हे शब्द महिनाभरात पाठ होतात, कारण कोसळणारी फलंदाजी त्यानं डोळ्यांनी पाहिलेली असते. स्वयंपाक, शेअर बाजार, गड-किल्ल्यांची भटकंती, जे आवडतं ते घ्या. दोन महिन्यांनी विषय बदला.

परीक्षेसाठी वेगळी तयारी लागते का?

थोडी. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी द्यायच्या जीआरईतून २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाम्याचे (अॅनालॉजीचे) प्रश्न गेले. आता रिकाम्या जागा संदर्भानं भरायच्या असतात, तिथे नुसत्या याद्या तोकड्या पडतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीत लेखन आणि संभाषण या दोन्हींत शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन आहे, पण परीक्षक अवघड शब्द मोजत नाही. नेमकेपणा आणि सोबत बघतो. घुसडलेला शब्द त्याला लांबून दिसतो. बँकांच्या परीक्षेतला परिच्छेदातल्या गाळलेल्या जागांचा प्रश्न तर सरळसरळ सोबतीचीच परीक्षा आहे.

'प्रीपोन', 'डू द नीडफुल', 'आउट ऑफ स्टेशन' हे चूक आहे का?

भारतात नाही. 'प्रीपोन' तर फार सोयीचा शब्द आहे. पण परदेशातल्या सहकाऱ्याला लिहिताना 'मूव्ह फॉरवर्ड', 'प्लीज टेक केअर ऑफ धिस', 'आउट ऑफ टाउन' वापरा, कारण त्याला पहिले तीन कळतीलच असं नाही. 'रिव्हर्ट'चं जरा जपून: आपण तो 'उत्तर देणं' या अर्थानं वापरतो, बाहेर त्याचा पहिला अर्थ 'पूर्वीच्या स्थितीला परत जाणं' असा घेतात.

मराठीनं इंग्रजीला एखादा शब्द दिला आहे का?

'मंगूस'. आपलं मुंगूस. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत दिसू लागतो. मराठीत तो मुळात द्राविडी भाषांकडून आला असावा, असं अभ्यासक मानतात. वर्गात मी याचं अनेकवचन विचारतो. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून निम्मे जण 'मंगीस' म्हणतात. उत्तर 'मंगूसेस'. 'गूस'चं नातं आपल्या हंसाशी आहे, मुंगसाशी नाही.